राहायला बरं शहर कुठलं? प्लेगला विचारूया

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये आठवड्यातून एकदा तरी हा वाद होतोच. मुंबईकर म्हणतो, आमच्याकडे रात्री दोन वाजताही वडापाव मिळतो (त्या वेळी लोकल मिळत नाही, हे तो सांगत नाही). बंगळूरहून बदली होऊन आलेला म्हणतो, हवा बघा राव, पंख्याशिवाय झोप लागते. पुणेकर काहीच बोलत नाही. त्याच्या मते हा वादाचा विषयच नाहीये. :-)

मी मूळचा कराडचा, त्यामुळे आजवर चहा घेत नुसती मजा बघत बसायचो. पण गेल्या महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. मला बंगळूरच्या एका कंपनीकडून ऑफर आली, आणि बायकोला तिच्या कंपनीने मुंबईच्या ऑफिसात बढतीवर बोलावलं. सध्या आम्ही दोघं पुण्यात हडपसरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. म्हणजे तिन्ही शहरं एकदम आमच्याच जेवणाच्या टेबलावर येऊन बसली. त्यात कराडला आई एकटी आहे. आपण जिथे स्थिर होऊ तिथे तिला आणायचं, हे दोघांचं आधीच ठरलेलं.

इंजिनियर माणूस अशा वेळी काय करतो? एक्सेल उघडतो. घरभाडं, ऑफिसला जायला लागणारा वेळ, पगार, हवा, पाणी, दवाखाने, मराठी नाटकं, अशा चौदा ओळी केल्या, प्रत्येकीला वजन दिलं, गुण दिले. पहिल्यांदा बंगळूर जिंकलं. हवेचं वजन जरा कमी केलं तर पुणं जिंकलं. पगाराचं वाढवलं तर मुंबई. तासाभराने लक्षात आलं की मला हवं ते उत्तर मी त्या बिचाऱ्या शीटकडून वदवून घेतोय.

त्या रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तिथं काही साथबिथ आली तर रे? मागच्यासारखी?" मग तिच्या आजीची गोष्ट निघाली. ती सांगायची म्हणे, की प्लेगात घरात मेलेला उंदीर दिसला की अख्खं गाव घरं सोडून माळावर जायचं आणि झोपड्या घालून राहायचं. गाव होतं, माळ होता, म्हणून जाता आलं. "शहरातली माणसं कुठं जात असतील?" असं आई सहज म्हणाली.

हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग दोन-तीन वीकांत वाचन केलं, आणि एक गंमत लक्षात आली. ज्या तीन शहरांची मी तुलना करत होतो, त्या तिन्हींवर तोच रोग दोन वर्षांच्या आत येऊन आदळला होता. मुंबई १८९६, पुणे १८९७, बंगळूर १८९८. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच लोड टेस्ट तीन सर्व्हरवर. तिन्हींनी वेगवेगळं काय केलं, हे आजही त्यांच्या रस्त्यांवर चालताना दिसतं. तर आजचा लेख त्याबद्दल.

मुंबई: मांडवीपासून माटुंग्यापर्यंत

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांना काही रोग्यांच्या अंगावर गाठी दिसल्या. हा ब्युबॉनिक प्लेग आहे असं त्यांनी निदान केलं. मांडवी म्हणजे गोदीच्या शेजारचा भाग, धान्याची वखारं, वखारीत उंदीर, आणि वखारीवरच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहणारी माणसं. रोगाला याहून सोयीची जागा मिळणं अवघड.

पालिकेने काय केलं? गटारांत समुद्राचं पाणी सोडलं, कार्बोलिक ॲसिड ओतलं, घरांना चुना फासला. राहायला अयोग्य ठरवलेल्या घरांवर यू.एच.एच. अशी अक्षरं रंगवली, म्हणजे 'माणसांच्या वस्तीस अयोग्य'. (अक्षरं रंगवून झाल्यावर त्या माणसांनी जायचं कुठे, याचं उत्तर भिंतीवर नव्हतं.) रोग्यांना जबरदस्तीने उचलून इस्पितळात नेत म्हणून ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला.

आणि मग शहर पळालं. १८९७ च्या सुरुवातीला मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती गावाकडे निघून गेली होती असं तेव्हाचे अहवाल सांगतात. गिरण्या चालू ठेवायला माणसं मिळेनात, तेव्हा मालकांनी महिन्याचा पगार सोडून रोजच्या रोज मजुरी द्यायला सुरुवात केली. नाक्यानाक्यावर कामगारांसाठी चढी बोली लागायची. एरवी त्यांना कोण विचारत होतं! १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती, १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजार भरली. सतत वाढत जाणारं शहर दहा वर्षांत लहान झालं.

सरकार हादरलं ते इथे. मुंबई म्हणजे कापूस, गोदी, गिरण्या. प्लेग आहे म्हणून इतर देश मुंबईचा माल घेईनात तर सगळंच बुडालं. १८९८ मध्ये कायदा करून 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. गर्दीच्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, आणि शहराच्या उत्तरेला नवी वस्ती आखायची, हे त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि महंमद अली रोड हे त्या ट्रस्टचे रस्ते. यातल्या पहिल्या दोघांची दिशा पाहिलीत तर ते पश्चिमेकडून येणारा समुद्राचा वारा जुन्या वस्तीत घुसावा असे काढलेत.

आता इथे आम्हा लोकांना आवडेल असा एक किस्सा. त्या काळी प्लेग घाणेरड्या, कोंडलेल्या हवेतून होतो अशीच बहुतेकांची समजूत होती. उंदरांवरच्या पिसवांमुळे तो पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि त्यावर लोकांचा विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे ट्रस्टचं निदानच चुकलेलं! पण घरांमध्ये अंतर, उजेड, वारा, गटारं, या गोष्टी केल्याने उंदरांचाही मुक्काम अवघड झालाच असणार. बगचं कारण चुकीचं शोधलं, पण पॅच उपयोगी पडला. ज्याने कधी हे केलं नाही त्याने पहिला दगड मारावा.

उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथल्या शेतांवर आणि पाणथळ जागेवर ट्रस्टने योजना आखल्या. आज दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, माटुंग्याचे झाडांचे रस्ते बघून आपण "मुंबईत राहावं तर इथे" म्हणतो ना, ते सगळं या प्लेगाचं देणं. पारशी कॉलनीमागे मंचरजी जोशी या ट्रस्टमधल्याच इंजिनियरचा हात होता. माटुंग्यात पुढे दक्षिणेकडून आलेली, इंग्रजी शिकलेली, ऑफिसात काम करणारी मंडळी राहायला आली. जरा विचार केला तर ते त्या काळचे आपणच! गाव सोडून आलेले, पगारदार, भाड्याने राहणारे, ऑफिसला लोकलने जाणारे. चाळीत मजल्याच्या टोकाला असणारा संडास त्यांच्या फ्लॅटमध्ये आत आला. जुन्या जाहिरातींत 'सेल्फ कंटेन्ड ब्लॉक' हा शब्द दिसतो, तो इथला.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या तेव्हा शेजारून रेल्वे आधीच जात होती, १८५३ पासून. आधी जायची सोय, मग घरं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुणे: जे सगळ्यांना माहीत आहे, आणि जे कमी जणांना

पुण्याची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते, बऱ्याच जणांनी '२२ जून १८९७' हा सिनेमाही पाहिलेला असतो, त्यामुळे पटकन सांगतो. १८९७ च्या सुरुवातीला प्लेग पुण्यात पसरला. साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर राहिलेला वॉल्टर रँड प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून आला. गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती, बायकांचीही उघड्यावर तपासणी, सामान जाळणं, माणसं उचलून छावणीत नेणं, हे सगळं झालं. फेब्रुवारी १८९७ मध्ये केलेल्या साथीच्या रोगांच्या कायद्याने सरकारला पाहिजे ते करायची मुभा होती. (हाच कायदा २०२० मध्ये आपल्यावर पुन्हा लागू झाला.) २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टला गोळ्या घातल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना एप्रिल १८९८ मध्ये फाशी झाली. टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली.

शौर्याची ही गोष्ट खरीच आहे. पण शहर म्हणून विचार केला तर पुण्याच्या हाती काय लागलं? मुंबईसारखा ट्रस्ट पुण्याला मिळाला नाही. पेठा होत्या तशाच राहिल्या आणि प्लेग पुढची कित्येक वर्षं परत परत येत राहिला. साथ आली की लोक पेठा सोडून बाहेर झोपड्यांत राहायला जायचे, ओसरली की परत. माझ्या पणजीच्या गावासारखंच! नदीपलीकडे भांबुर्डा, एरंडवणे या बाजूला कायमची वस्ती व्हायला पुढचा बराच काळ गेला. डेक्कन जिमखाना हा क्लब १९०६ चा, आणि त्याच्या भोवतीची बंगल्यांची कॉलनी त्यानंतरच्या दशकांतली. ती लोकांनी आपली आपण, प्लॉट पाडून, वर्गण्या काढून उभी केली. सरकारशी भांडायचं आणि आपली सोय आपण बघायची, हा पुणेरी स्वभाव तिथेच पक्का झाला की काय कोण जाणे. :-)

(पुण्याची दुसरी परीक्षा १२ जुलै १९६१ ला झाली, पानशेत फुटलं तेव्हा. या वेळी मात्र शहराने बेघर झालेल्यांना जागा दिली. गोखलेनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या सोसायट्या झाल्या. तेव्हा शहराच्या बाहेर वाटणाऱ्या या जागांचे आजचे भाव ऐकून चक्कर येते.)

आता जे कमी जणांना माहीत असतं ते. मी रोज ऑफिसला जातो तो रस्ता मुंढव्यावरून जातो. काचेच्या इमारती, सिग्नलला तुंबलेल्या कॅब, सगळीकडे गळ्यात आयकार्ड घातलेली माणसं. १८९७ मध्ये हे पुण्याबाहेरचं गाव होतं. हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात डॉ. यशवंत फुल्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. यशवंत हे जोतिराव आणि सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र. सावित्रीबाई तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं तेव्हा त्या स्वतः गेल्या, आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला असं सांगतात. सावित्रीबाईंना त्यातच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

तीन वर्षं मी त्या रस्त्याने जातोय. कानात इअरफोन, मनात आजच्या मीटिंगची तयारी. हे वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंढव्याच्या चौकात कॅब वीस मिनिटं अडकली होती आणि नेहमीप्रमाणे चिडायचं मी विसरून गेलो. त्या मुलाला उचलून हे अंतर पायी चालायला किती वेळ लागला असेल, एवढंच डोक्यात येत राहिलं.

बंगळूर: पेटेच्या बाहेर

बंगळूरला प्लेग ऑगस्ट १८९८ मध्ये पोचला, रेल्वेच्या मार्गाने. तेव्हा तिथे खरं तर दोन शहरं होती. एक म्हैसूर संस्थानचं जुनं शहर, ज्याला तिथे 'पेटे' म्हणतात (आपली पेठच की!), चिकपेट, बळेपेट, कॉटनपेट वगैरे. दुसरं इंग्रजांची छावणी. दोघांच्या नगरपालिका वेगळ्या, त्या एक व्हायला १९४९ उजाडलं.

दाट पेटेच्या बाहेर नवी वस्ती करायचा विचार दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात आधीच सुरू झाला होता. प्लेगने त्याला घाई लावली. उत्तरेला मल्लेश्वरम आणि दक्षिणेला बसवनगुडी या दोन वस्त्या त्यातून उभ्या राहिल्या. सरळ रेषेत एकमेकांना छेदणारे रुंद रस्ते, प्रत्येक घराला अंगण, मागच्या बाजूने सफाईसाठी बोळ. छावणीच्या बाजूला १९१० च्या सुमारास फ्रेझर टाउन झालं, तेही प्लेगमुळेच. बंगळूरमध्ये आजही प्लेगच्या देवीची देवळं आहेत, आपल्याकडच्या मरीआईसारखी.

मल्लेश्वरमला हे नाव काडू मल्लेश्वराच्या देवळावरून पडलं, आणि ते देऊळ सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी बांधलं असं मानतात. शहाजीराजांची जहागीर बंगळूरला होती, हे इतिहासाच्या पुस्तकात पाठ केलेलं वाक्य मला तिथे इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवर बसल्यावर पहिल्यांदा खरं वाटलं. शेजारच्या रस्त्यावर मोठाली झाडं, भाजीवाले, फिल्टर कॉफी, पेपर वाचणारे आजोबा. मनात म्हटलं, बास, इथेच राहायचं.

मग भाडं विचारलं. आणि ऑफर देणाऱ्या कंपनीचं ऑफिस तिथून किती लांब आहे ते बघितलं. असो.

म्हणजे तीन शहरांचा निकाल साधारण असा लागतो: मुंबईने मोठ्या प्रमाणावर पाडलं आणि बांधलं, बंगळूरने बाहेर नवं आणि नेटकं आखलं, पुण्यात सरकारने दंडुका चालवला आणि लोकांनी प्रतिकार केला, पण शहराची रचना तशीच राहिली. गुण द्यायचे तर बंगळूर पहिलं, मुंबई दुसरी, पुणं तिसरं. मी शीटमध्ये हे भरायलाही घेतलं.

पण आईचा प्रश्न तसाच होता. माणसं कुठे गेली?

मग या घरांत राहायला कोण आलं?

इथे सगळं बिघडतं. मुंबईच्या ट्रस्टने पहिल्या वीसेक वर्षांत गरिबांच्या जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत. नागपाड्यासारख्या वस्तीतून उठवलेला माणूस काही माटुंग्याच्या फ्लॅटमध्ये गेला नाही, त्याला ते भाडं परवडणारच नव्हतं. तो शेजारच्याच दुसऱ्या चाळीत गेला, आणि तिथली गर्दी आणखी वाढली. एका वस्तीतली दाटी पाडून शेजारच्या वस्तीत पाठवली, झालं. बंगळूरच्या नव्या वस्त्यांत प्लॉटचे भाग जातीजातींप्रमाणे वाटले गेले होते. आणि मी कौतुक केलेले ते मागचे बोळ कशासाठी होते? मैला उचलणाऱ्यांनी समोरच्या रस्त्याने येऊ नये म्हणून. नकाशात ती एक स्वच्छ सरळ रेघ दिसते, म्हणून मला ती आवडली होती.

त्याच काळात वेगळं सांगणारा एक माणूस होता. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान १९१४ मध्ये भारतात आला, पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचं म्हणणं असं की वस्ती सरसकट पाडू नका. आधी तिथे चाला, लोक कसे राहतात ते बघा, एखादं पडकं घर काढून चौक मोकळा करा, विहीर दुरुस्त करा, झाड लावा. कमीत कमी कापाकापी. सॉफ्टवेअरवाल्यांना हा वाद चांगलाच ओळखीचा आहे: जुना कोड फेकून सगळं नव्याने लिहायचं, की चालत्या सिस्टीमला हात लावत लावत सुधारायचं? पहिलं करायला फार मजा येते. त्या जुन्या सिस्टीमवर ज्यांचं रोजचं काम अवलंबून असतं, ते आपल्याला मीटिंगमध्ये दिसत नाहीत, एवढाच प्रॉब्लेम.

मुंबईला एक श्रेय मात्र द्यायला हवं. उशिरा का होईना, १९२० मध्ये सरकारने 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' काढलं आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. कामगार आधी तिथे जायलाच तयार नव्हते. खोल्या तुरुंगासारख्या वाटायच्या आणि भाडंही जास्त होतं. पण पुढे शंभर वर्षं त्या खोल्यांनी माणसं सांभाळली. २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांना त्याच जागी बांधलेल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, आणि टीव्हीवर एक आजी नवी भिंत हाताने चाचपून बघताना दिसल्या, तेव्हा बायको म्हणाली, "आपल्याला ५०० फूट कमी वाटतात, नाही?" मी चॅनल बदललं.

आमची साथ

मार्च २०२० मध्ये मला नोकरी लागून आठ महिने झाले होते. लॉकडाउन लागला तेव्हा मी लॅपटॉप घेऊन आधीच कराडला पोचलो होतो. आईच्या हातचं जेवण, गच्चीत कॉल, पगार वेळेवर. म्हणजे माझ्याकडे 'माळ' होता.

आमच्या तेव्हाच्या बिल्डिंगचे वॉचमनकाका लातूरकडचे. बायको आणि दोन पोरं घेऊन शेजारच्या साइटवर पत्र्याच्या खोलीत राहायचे. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. साइट बंद, किराणा संपत आलेला, खोलीवाल्याने भाडं मागितलेलं. मी थोडे पैसे पाठवले. दोन दिवसांनी पुन्हा फोन, ते सोलापूर रस्त्याने चालत निघाले होते. "साहेब, यवतच्या पुढं आलोय," म्हणाले. मी "काळजी घ्या" म्हणालो. आणखी काय म्हणायचं ते सुचलंच नाही. फोन ठेवल्यावर चार वाजताच्या कॉलला जॉइन झालो. ते घरी पोचले, हे मला जूनमध्ये कळलं, तेही त्यांनीच फोन केला म्हणून. नंतर ते पुण्याला परत आले नाहीत.

१८९७ च्या मुंबईबद्दल वाचताना मला सारखे ते आठवत होते. सव्वाशे वर्षांनी तिन्ही शहरांतून तीच माणसं, त्याच रस्त्यांनी, पायीच बाहेर पडली. लस शोधायचं तंत्र आलं, (वाल्डेमार हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस स्वतःवर टोचून घेतली होती, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला त्याचंच नाव आहे), इमारती उंच झाल्या, आयटी आलं. पण शहराचं काम ज्यांच्यावर चालतं त्यांना संकटात शहरातच राहता येईल अशी खोली, ही गोष्ट काही आपल्याला जमलेली नाही.

आणि आपण तरी कसं बांधतोय बघा. माटुंग्यात आधी रेल्वे होती, मग घरं आली. बंगळूरची इलेक्ट्रॉनिक सिटी १९७८ ची, तिथे मेट्रो पोचली ऑगस्ट २०२५ मध्ये. हिंजवडीत आयटी पार्क आलं नव्वदच्या दशकाच्या शेवटी, तिथल्या मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१८ मध्ये. पाण्याचंही तसंच. बंगळूरच्या मॅजेस्टिक बस स्थानकाच्या जागी तलाव होता, कंठीरवा स्टेडियमच्या जागीही. आज कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपाने वर चढवून आणावं लागतं, आणि २०२४ च्या मार्चमध्ये बोअर आटल्यावर आयटीवाल्यांच्या मोठमोठ्या सोसायट्या टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. पुण्याने हसायचं कारण नाही. आमच्या सोसायटीतही उन्हाळ्यात रोज टँकर येतात. प्लेगच्या काळातल्या साहेबांनी रोगाचं कारण चुकीचं ओळखून का होईना पण पुढच्या शंभर वर्षांचं आखलं. आपल्याला कारणं सगळी माहीत आहेत.

तर काय ठरलं?

एक्सेलमध्ये मी पंधरावी ओळ घातली: 'संकट आलं तर इथला वॉचमन इथे राहू शकेल का?' आणि तिन्ही शहरांना शून्य दिलं. त्यामुळे अर्थातच निकालात काही फरक पडला नाही, तिघांचेही गुण सारखेच कमी झाले. :-)

ठरवायचं तर होतंच. बायको म्हणाली, मुंबईची बढती मला हवीये, पण आठवड्यातून दोन दिवस जाऊन चालतंय का ते आधी विचारते. चाललं. मी बंगळूरला नाही म्हणून कळवलं. मल्लेश्वरमच्या त्या पायऱ्या आठवून थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण कराडहून सकाळी एसटीत बसलं की आई दुपारच्या जेवणाला हडपसरला पोचते, आणि तिला लागेल तो दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पुणं सगळ्यात चांगलं शहर आहे म्हणून आम्ही राहिलो असं नाही. माझ्याच हिशेबात ते तिसरं आलं होतं!

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." मग म्हणाली, "तुमच्या खाली बसतात त्या वॉचमनला रात्री लघवीला जायला जागा आहे का रे? मागच्या वेळी आले होते तेव्हा तो बिचारा समोरच्या साइटवर जात होता."

मी तीन वर्षं तिथे राहतोय, मला माहीत नव्हतं. खाली जाऊन बघितलं. क्लबहाउसमध्ये टॉयलेट आहे, त्याला रात्री नऊला कुलूप लागतं. मल्लेश्वरमच्या बोळावर एवढा परिच्छेद लिहिणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये!

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. विषयपत्रिकेवर पार्किंगचे स्टिकर आणि गणपतीची वर्गणी आहे. त्यात हा तिसरा विषय घ्यावा म्हणून सेक्रेटरींना मेल पाठवलाय. किल्ली वॉचमनकडे ठेवायची, एवढीच मागणी आहे. त्यावरही तासभर वाद होईल, पुणं आहे. काय झालं ते पुढच्या वीकांताला कळवतो.